मासेमारीवरचा सरकारी भांडवली खर्च जातो कुठं? आपल्याकडे आणि बाहेरच्या देशांत

दर्याकाठ
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो, लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. रायगडच्या किनाऱ्यावरचं लहान गाव, घरची डोलीची (डोल जाळ्याची) बोट, मोठा भाऊ तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान. पहाटे साडेचारला बोट आली पण ओहोटी लागलेली आणि धक्क्याला लागायला पाणीच नाही. धक्का सात वर्षांपूर्वी झालाय, पण त्याच्या पायऱ्यांखाली आता मांडीभर गाळ. बोट बाहेरच नांगरली, छोट्या होडीत माल उतरवला आणि शेवटचं साठसत्तर पावलं खलाशी डोक्यावर बोंबलाच्या पाट्या घेऊन चिखलातून चालत आले. भावाच्या पाटीतला बर्फ वितळून पाणी त्याच्या मानेवरून पाठीत उतरत होतं आणि एक पाय रुतला की दुसरा काढायचा असं चाललेलं. बोंबील म्हणजे मुळातच पाणी, जरा उशीर झाला की मऊ पडतो. वर येईपर्यंत मुंबईचा टेम्पो गेला होता. सगळा माल वलांडीवर, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूंवर, टाकला, ताज्याचा भाव गेला तो गेलाच.

धक्क्यावर खर्चाची पाटी आहे, कोटीत आकडा. म्हणजे पैसा आला, खर्च झाला, वस्तू उभी आहे, आणि तिचा उपयोग फक्त भरतीला. तेव्हापासून एकच प्रश्न पडलाय की बाकीचे देश मासेमारीत सरकारी पैसा घालतात तो कशात घालतात आणि तो टिकतो कसा. इथं बरेचजण बाहेर राहतात, काहीजण सरकारी नोकरीत होते, ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा प्लीज.

हिशोबनीस
चांगला विषय. मी सरकारी हिशोबात आयुष्य काढलं म्हणून आधी आपल्या घरचं सांगतो, कारण आकडा कुठल्या खान्यात बसतो हे कळल्याशिवाय देशादेशांची तुलना फसते.

बजेटमधे मत्स्यव्यवसायाची तीन मुख्य लेखाशीर्षं. २४०५ म्हणजे महसुली खर्च, यात पगार, अनुदानं, रोजचा कारभार. ४४०५ म्हणजे भांडवली खर्च, यात बंदरं, धक्के, इमारती. आणि ६४०५ म्हणजे दिलेली कर्जं. केंद्राला आणि सगळ्या राज्यांना हेच नंबर. आता गंमत नाही, खरी अडचण सांगतो. केंद्राने राज्याला बंदरासाठी अनुदान दिलं तर केंद्राच्या वहीत तो महसुली खर्चच धरतात, बंदर सिमेंटचं असलं तरी, कारण मालमत्ता केंद्राची होत नाही. त्यामुळे नुसतं केंद्राचं ४४०५ बघितलं तर वाटतं की भारत मासेमारीत भांडवल घालतच नाही. अशी अनुदानं वेगळ्या विवरणपत्रात दाखवतात, ते बघायला लागतं.

दुसरं, मोठा आकडा ऐकला की तो फोडून बघा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० ला आली, पाच वर्षांचे २०,०५० कोटी. त्यात केंद्राचे ९,४०७ कोटी, राज्यांचे ४,८८० कोटी आणि राहिलेले ५,७६३ कोटी लाभार्थ्याने स्वतः घालायचे. म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त हा सरकारी पैसाच नाही, मच्छीमाराच्या खिशातला किंवा त्याने काढलेल्या कर्जातला आहे. २०१८-१९ चा ७,५२२ कोटींचा पायाभूत सुविधा निधी बघा, तो तर मुळात कर्जाचा, नाबार्ड वगैरेंकडून कर्ज आणि सरकारने व्याजात ३ टक्क्यांपर्यंत सवलत ठेवली. वाईट नाही, पण याला खर्च म्हणायचं का हे आपलं आपण ठरवा.

आणि तुमच्या गाळाचं उत्तरही इथंच आहे. धक्का नवीन बांधणं भांडवली. पहिल्यांदा खोल करणं भांडवली. पण दरवर्षी साचलेला गाळ काढणं ही देखभाल, ती महसुली बाजूला. महसुलात पगार आणि अनुदानं गेल्यावर उरतं काय? नवीन धक्क्याला मंजुरी मिळते, जुन्याचा गाळ तसाच राहतो. कुणी मुद्दाम करत नाही, रचनाच तशी झालीय.

दर्याकाठ
हिशोबनीस काका, हे मला आजवर कुणी असं सांगितलंच नव्हतं. आम्ही ऑफिसात गेलो की "निधी नाही" म्हणतात आणि शेजारच्या गावात नवीन काम चालू दिसतं, वाटायचं आपल्यावरच राग आहे कुणाचा.

सेंदाईकर
जपानमधून. मी सेंदाईला नऊ वर्षं आहे, मासेमारीतला नाही पण ऑफिसातले निम्मे लोक किनाऱ्यावरच्या गावांतले.

इथं मासेमारी बंदरांचा वेगळा कायदाच आहे, १९५० चा. युद्धानंतर देश उपाशी होता तेव्हा केला. त्यातून बंदरं बांधत गेले ती आज २,८०० च्या आसपास आहेत. अगदी वीसतीस बोटींच्या गावालाही बाहेरून लाटरोधक भिंत, आत शांत पाणी, बर्फाचा कारखाना, लिलावाची शेड. लहान बंदरं गावपालिका सांभाळते, मोठी प्रांत सांभाळतो, आणि बांधकामात केंद्राचा मोठा वाटा.

मग ११ मार्च २०११ ला त्सुनामी आली. ३१९ मासेमारी बंदरं आणि २८ हजारांहून जास्त बोटींचं नुकसान झालं. आणि मग जो वाद झाला तो तुमच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. आमच्या मियागी प्रांतात १४२ मासेमारी बंदरं, सगळ्यांना फटका. गव्हर्नर मुराई म्हणाले सगळी आधीसारखी उभारण्यापेक्षा ६० बंदरांवर आधी पैसा लावू, बाकीच्यांत तात्पुरती डागडुजी करू. शेजारच्या इवाते प्रांताने उलट सांगितलं, बंदर गेलं की गाव गेलं, आम्ही सगळी उभी करणार. मियागीत सहकारी संस्था चिडल्या, कारण तिथं बंदर म्हणजे सोसायटी, सोसायटी म्हणजे गावाचा समुद्रावरचा हक्क.

कोण बरोबर होतं? मी बरीच वर्षं यावर विचार करतोय. बंदरं परत उभी राहिली पण बोटीवर जायला तरुण नाहीत. २०२३ च्या मोजणीत अख्ख्या जपानमधे मासेमारी करणारे १.२ लाखच उरले. मी एका खाडीत गेलो होतो, नवीन काँक्रीट इतकं पांढरं की डोळे दिपतात, आणि आत चार बोटी. एक आजोबा एकटेच ऑयस्टरचे दोर धूत बसलेले. तरी ते म्हणाले की धक्का नसता तर ही चार पण नसती. यावर मला काही बोलता आलं नाही.

कोरियाने २०१९ पासून वेगळं केलं, मोठी बंदरं सोडून ३०० लहान मच्छीमार गावं निवडली आणि सुमारे ३ ट्रिलियन वॉन त्यांच्यावर लावले, गावाला साधारण १०० कोटी वॉन... चूक झाली, १,००० कोटी वॉन. म्हणजे धक्का, उतारू बोटीची सोय, गावातल्या इमारती असं एकत्र.

नाखवा_हर्णै
जपान श्रीमंत हो. आपल्याकडे गुजरातपासून बंगालपर्यंत किनारा आहे, २०२१ च्या बजेटमधे पाच मोठी बंदरं घेतली, कोची, चेन्नई, विशाखापट्टणम, पारादीप, पेटुआघाट. बघा यादीत महाराष्ट्राचं एकही नाही. आमच्याकडे लिलाव अजून वाळूत होतो, बैलगाडी समुद्रात घालून बोटीतून मासळी उतरवतात आणि पर्यटक त्याचे फोटो काढतात. त्यांना बरं वाटतं. बैलाच्या पायाला काय होतं खाऱ्या पाण्यात ते आम्हाला माहीत. मला तरी वाटतं पैसा बोटींवर द्यावा, मोठ्या बोटी द्या, खोल समुद्रात जाऊ, जवळ काही उरलं नाही.

सायगाव_रिटर्न
नाखवा, तुमचं दुःख पटलं पण बोटींबाबत थांबा जरा. मी व्हिएतनाममधे सहा वर्षं होतो कंपनीच्या कामाला, तिथं हेच झालं.

२०१४ ला तिथल्या सरकारने ६७ नंबरचा आदेश काढला. लाकडी बोटी सोडा, पोलादी घ्या, लांब जा. बोटीच्या किमतीच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, त्यातला १ टक्का मच्छीमाराने भरायचा आणि ६ टक्के सरकारने. याहून चांगली योजना कागदावर निघणं अवघड. २०१७ ला बिन्ह दिन्ह प्रांतात नव्या पोलादी बोटी धक्क्यालाच गंजायला लागल्या. पोलाद ठरलेल्यापेक्षा वेगळं, इंजिनं ठरलेल्यापेक्षा वेगळी. बोट बंद पण हप्ता चालू. बऱ्याच लोकांची कर्जं थकली, बँकांनी कोर्टात खेचलं. ज्या माणसाकडे आधी कर्ज नसलेली लाकडी बोट होती तो आता न चालणाऱ्या बोटीचा मालक आणि देणेकरी.

आपल्याकडेही तमिळनाडूत पाल्कच्या सामुद्रधुनीसाठी २०१७ ला योजना आली, ट्रॉलर (तळाशी जाळं ओढणारी बोट) सोडा आणि खोल समुद्राची बोट घ्या, ८० लाखांची बोट, ५० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, २० टक्के बँक, १० टक्के स्वतः. तीन वर्षांत २,००० बोटींचं ठरलं होतं, घेणारे फारच थोडे निघाले. कारण खोल समुद्रात ट्युना पकडणं हे वेगळं कसब आहे, वेगळे दिवस, वेगळं डिझेल, वेगळं गिऱ्हाईक. बोट देऊन ते येत नाही.

मोगरा_मापुतो
बोटींवरून विषय निघालाय तर मोझांबिकचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचं कुटुंब मूळचं दीवचं, आजोबा तिकडं व्यापाराला गेले, माझं लहानपण तिथल्या राजधानीत, मापुतोत. अजून नातेवाईक तिथं आहेत.

२०१३ ला तिथं एमाटम नावाची सरकारी ट्युना कंपनी काढली आणि सरकारच्या हमीवर ८५ कोटी डॉलर उभे केले. लोक त्याला ट्युना बाँड म्हणायला लागले. फ्रान्समधे शेरबूर्गला बोटी बांधल्या, २४ मासेमारीच्या आणि बरोबर गस्ती बोटी. मग २०१६ ला बाहेर आलं की अशाच आणखी दोन कंपन्यांची कर्जं संसदेला न सांगता घेतलीत, तिन्ही मिळून सुमारे २ अब्ज डॉलर. नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी पैसे थांबवले, चलन कोसळलं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं आणि पुढच्या जानेवारीत साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

हे सगळं पेपरात आलं. मला सांगायचंय ते वेगळं आहे. मी सुट्टीत गेले तेव्हा त्या बोटी मापुतोच्या बंदरात एकाला एक लावून उभ्या होत्या, रांगेत, रंग छान, आणि त्यांच्यासमोरून साध्या होडीतून माणसं कोळंबी घेऊन येत होती. त्या वर्षी मामीच्या दुकानात पावाचा भाव वाढला म्हणून भांडणं होत होती. पकडल्या न गेलेल्या माशांचं कर्ज त्या पाव घेणाऱ्यांनी फेडलं. भांडवली खर्च म्हटलं की मला तेच आठवतं.

नाखवा_हर्णै
मोगराताई, वाचून सुन्न झालो. बोटींचं मी घाईत लिहिलं. पण मग वाळूतून उतरवायचं कुठवर?

पाटीवाली
मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. माझी आई मासे विकते, आजी पण विकायची. वर सगळे बोट आणि धक्का बोलले. मासळी किनाऱ्याला लागल्यावर ती कुणाच्या हातात जाते? बायकांच्या. सोलणं, निवडणं, सुकवणं, विकणं. ससून डॉक १८७५ चा आहे, दीडशे वर्षं झाली, आजही कोळंबी सोलणाऱ्या बायका जमिनीवर बसून सोलतात, बोटं बर्फाने पांढरी फटक पडतात.

आमच्याकडे धक्का झाला तेव्हा खळा त्याच्या रस्त्यात गेला. जिथं बायका बोंबील, जवळा सुकवायच्या ती जागा आता गाड्या वळवायला आहे. नकाशा काढताना तिथं खळा आहे हे कुणी लिहिलंच नाही, कारण सातबाऱ्यावर तो कुणाच्याच नावाने नाही. आई आता रस्त्याच्या कडेला सुकवते, धूळ बसते आणि मग गिऱ्हाईक म्हणतं माल स्वच्छ नाही.

आम्हाला नळ, दिवा, संडास, बसायला ओटा आणि उंच वलांड्या पाहिजेत. याला बंदराच्या खर्चात किती पैसे लागतात हो? धक्क्याच्या दोन खांबांइतके पण नसतील.

सेंदाईकर
पाटीवाली ताई, चुकलं काहीच नाही. जागा कुणाच्या नावावर हा प्रश्न इथंही त्सुनामीनंतर सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला.

न्यूफाउंडलंडहून
कॅनडाचं सांगतो, कारण इथं दोन्ही बाजू बघायला मिळतात. १९७७ ला देशाने २०० मैलांची हद्द घेतली, परदेशी जहाजं बाहेर गेली आणि सगळ्यांना वाटलं आता मासाच मासा. सरकारी मदतीवर बोटी वाढल्या, फॅक्टऱ्या वाढल्या. पंधरा वर्षांत इथला मुख्य मासा, कॉड, संपला. २ जुलै १९९२ ला सरकारने मासेमारी बंद केली, सुमारे ३०,००० लोकांचं काम एका दिवसात गेलं. माझे घरमालक तेव्हा बावीस वर्षांचे होते, अजून ती तारीख आली की गप्प होतात.

पण बंदरांच्या बाबतीत इथली एक पद्धत मला फार आवडते. लहान बंदरं केंद्र सरकारची, पण रोजचा कारभार गावातल्या मच्छीमारांची समिती बघते, बिनपगारी. बोट लावायची फी समिती गोळा करते, दिवे, पाणी, साफसफाई, किरकोळ दुरुस्ती त्यातून. गाळ काढणं, धक्का बदलणं अशी मोठी कामं केंद्राकडे. २०२४ च्या बजेटमधे या लहान बंदरांच्या दुरुस्ती आणि देखभालीला तीन वर्षांत ४६.३३ कोटी कॅनडियन डॉलर ठेवले. दुरुस्ती आणि देखभालीला, नवीन बांधायला नाही. दर्याकाठ, तुमच्या गाळाचं इथं समितीचा अध्यक्ष फोन करतो, सर्व्हे होतो आणि नंबर लागतो. लगेच होतं असं नाही, लोक इथंही ओरडतात, पण कुणाला विचारायचं हे माहीत असतं.

हिशोबनीस
हेच हवं होतं. आणि एक जोडतो. जागतिक व्यापार संघटनेत मासेमारी अनुदानांचा करार १७ जून २०२२ ला झाला, १५ सप्टेंबर २०२५ ला लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि संपत आलेल्या साठ्यांवरच्या मासेमारीला अनुदान नको असं त्यात आहे. भारताने जिनिव्हात मांडलं की आमच्याकडे मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर मिळतात आणि काही देश ४२,०००, ६५,०००, ७५,००० डॉलर देतात. अभ्यासकांचा अंदाज आहे की २०१८ मधे जगभर ३५.४ अब्ज डॉलर अनुदान दिलं गेलं आणि त्यातले २२.२ अब्ज मासेमारीची ताकद वाढवणारे. युरोपने नव्या बोटी बांधायला पैसे देणं २००४ अखेर बंद केलं, पण त्याआधी कित्येक दशकं देऊन ताफा उभा केला होता. आपण आता सुरू करताना आपल्याला नियम सांगतात, हे आपल्या लोकांना टोचतं आणि टोचणं बरोबर आहे. तरी व्हिएतनाम आणि मोझांबिक वाचून मला वाटतं, नियम कुणी सांगो न सांगो, बोटीपेक्षा बंदर.

जुना_इंजिनियर
मी किनाऱ्यावरच्या कामांत होतो, आता घरी. बंदर म्हणताय तर त्यातली जोखीम सांगणं माझं कर्तव्य आहे. किनाऱ्यावर वाळू आणि गाळ सतत चालत असतात, लाटेबरोबर एका दिशेने, पावसाळ्यात जास्त. तुम्ही मधे भिंत घातली की एका बाजूला साचतं आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खचतो. केरळात मुतलपोळीला भिंती घातल्या, तोंडाशीच वाळू भरायला लागली, लाट तिथं फुटते आणि होड्या उलटतात. ६० हून जास्त मच्छीमार तिथं गेलेत. आता दुरुस्तीला १७७ कोटींचं काम घेतलंय. श्रीलंकेत ओलुविलला डेन्मार्कच्या कर्जातून बंदर केलं, तोंड वाळूने बंद आणि शेजारच्या गावांची जमीन समुद्रात.

आपल्याकडे अभ्यास करायला माणसं आहेत. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बंदराचं छोटं मॉडेल करून लाटा सोडून बघतं. बंगळुरूला १९६८ पासून मासेमारी बंदरांसाठीच वेगळी केंद्रीय संस्था आहे. अडचण अशी की अभ्यासाला एक पावसाळा आणि एक उन्हाळा तरी मोजायला लागतो, आणि मंजूर पैसा मार्चच्या आत संपवायचा असतो.

दर्याकाठ, तुमच्या धक्क्यासाठी आज करता येईल असं सांगतो. अमावस्येच्या मोठ्या ओहोटीला, पाणी तळाला असताना, धक्क्याच्या टोकापासून बाहेर दर पाच पावलांवर खूण केलेली काठी टेकवा. आधी पाणी किती ते लिहा, मग काठी दाबून खाली मऊ गाळ किती ते लिहा. वेळ लिहा. सोबत सोसायटीचे दोघे सही करायला घ्या. असा कागद घेऊन गेलात की समोरच्याला गाळ किती घनमीटर ते काढता येतं, आणि घनमीटर आला की अंदाजपत्रक होतं. "गाळ फार आहे" या वाक्याचं अंदाजपत्रक होत नाही.

पाटीवाली
काका, त्या कागदात खळ्याची जागा पण मोजून लिहायची का?

जुना_इंजिनियर
लिहा ना. लांबी, रुंदी, किती बायका किती महिने सुकवतात, सगळं. नकाशावर आलं की पुसायला कारण द्यावं लागतं.

दर्याकाठ
उशीर झाला लिहायला. परवा अमावस्येला भाऊ, मी आणि सोसायटीचे दोन संचालक गेलो होतो. धक्क्याच्या टोकाला पाणी पाऊण फूट, खाली मऊ गाळ चार फूट. वीस पावलांवर पाणी दीड फूट, गाळ साडेतीन. साठ पावलांवर पाणी चार फूट आणि काठीला कठीण लागलं. आमच्या बोटीला भरलेली असताना चार फूट पाणी लागतं, म्हणजे मधल्या साठ पावलांचाच खेळ आहे. वहिनीने आणि शेजारच्या तिघींनी मिळून खळ्याची जागा दोरीने मोजली, ती वेगळ्या कागदावर घेतलीय, खाली अकरा जणींच्या सह्या आहेत.

इंजिनियर काका, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात दोन्ही कागदांचे फोटो टाकलेत. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, त्याआधी एकदा नजर घालाल का?